आमची वाटचाल : अँगलला भोकं पडली की हेडिंग बदलतं

नाशिकला अंबडच्या एमआयडीसीत बाबांनी भाड्याने गाळा घेतला, तेव्हा आमच्याकडे एक वेल्डिंग मशीन, एक पिलर ड्रिल आणि एक कटर एवढाच पसारा होता. खिडक्यांच्या ग्रिल, बंगल्यांची गेटं, द्राक्षवाल्यांच्या पॅकिंग शेडचे ट्रस अशी कामं चालायची. बिलावर ‘फॅब्रिकेशनचे काम’ लिहिलं की विषय संपला. एक्साइजमध्ये लहान उद्योगांना दीड कोटीपर्यंत सूट होती आणि आम्ही त्याच्या खूप खाली होतो, त्यामुळे टॅरिफचं, म्हणजे मालाची वर्गवारी आणि कर सांगणारं पुस्तक आमच्या कपाटात कधी आलंच नाही. 1 जुलै 2017 ला जीएसटी लागू झाला तोवर उलाढाल वाढली होती आणि बिलावर एचएसएन, म्हणजे मालाच्या वर्गाचा कोड टाकणं भाग पडलं; त्यातल्या चार आकडी गटाला हेडिंग म्हणतात. हिशेब मी बघत होते. शेजारचे फॅब्रिकेटर 7308, म्हणजे स्टीलच्या स्ट्रक्चरचं हेडिंग लिहीत होते, मीही तेच लिहिलं.

पुढच्या वर्षी केनियाची पहिली ऑर्डर आली : 30 मीटर उंचीचे जाळीदार मास्ट (मनोऱ्यासारखे खांब), सगळे सुटे भाग, तिकडे नेऊन बोल्टने जोडायचे. आमच्यासाठी हे फार मोठं होतं. गाडी भरली त्या संध्याकाळी बाबांनी नारळ फोडला आणि कंटेनर कसारा घाट उतरून न्हावा शेवाला गेला.

एक्स्पोर्टचं इन्व्हॉइस मी केलं आणि चूकही माझीच झाली. स्टील आम्ही ज्या बिलावर घेतलं, त्यावर ‘अँगल, 7216’ असं होतं; अँगल म्हणजे एल आकाराची स्टीलची पट्टी. गॅल्वनायझिंग करून आलेला मालही डोळ्यांना अँगलच दिसत होता. मी ‘जी.आय. अँगल, 7216’ लिहून मोकळी झाले आणि सीएचएने, म्हणजे कस्टम्सचं काम बघणाऱ्या एजंटने, त्यावरूनच शिपिंग बिल (निर्यातीचा कस्टम्सचा कागद) भरलं. गिऱ्हाइकाची तिकडची कागदपत्रं मात्र मास्टच्या नावाने होती. केनियातल्या मोम्बासा बंदरात कागदाला कागद जुळेना. कंटेनर 11 दिवस अडकला आणि त्या ऑर्डरमधला नफा डेमरेजमध्ये, म्हणजे माल अडकल्याच्या भाड्यात गेला.

त्या 11 दिवसांत मी टॅरिफ पहिल्यांदा नीट वाचलं. आमच्या सीएचए काकांनी मला बसवून घेतलं आणि विचारलं, “ताई, हा अँगल तुम्ही दुसऱ्या कुणाला विकू शकाल का?” मी गाळ्यातून एक तुकडा मागवला. 65 बाय 65 बाय 6 चा अँगल, एका टोकाला दोन भोकं, दुसऱ्या टोकाला दोन, प्रत्येक भोक 17.5 मिलिमीटरचं, कारण त्यात 16 चा बोल्ट बसणार. एक कोपरा तिरका कापलेला, शेजारच्या मेंबरला लागू नये म्हणून. आणि टोकाजवळ ठोकलेला पीस मार्क, म्हणजे त्या तुकड्याची ओळखखूण. हा मार्क गॅल्वनायझिंगच्या आधी खोल ठोकावा लागतो, म्हणजे जस्ताचा थर चढल्यावरही वाचता येतो. मास्टमधल्या ठरलेल्या जागेखेरीज तो तुकडा भंगारातच जाणार होता.

काका म्हणाले, “मग झालं. हा आता अँगल नाही राहिला.”

7308 च्या मजकुरात पूल, टॉवर, जाळीदार मास्ट, छपरांचे सांगाडे, दारं-खिडक्या, खांब ही नावं येतात. त्यांच्या पुढे, स्ट्रक्चरमध्ये वापरण्यासाठी तयार केलेले प्लेट, रॉड, अँगल, सेक्शन, पाइप हेही त्यात येतात. सगळी भिस्त ‘तयार केलेले’ या शब्दावर आहे. अँगल नुसता मापात कापला तर तो 7216 मध्येच राहतो, नुसतं जस्त चढवलं तरी तिथेच. स्ट्रक्चरसाठी भोकं पाडली, खाचा घेतल्या, क्लीट (जोडायची छोटी पट्टी) वेल्ड केली की तो 7308 मध्ये येतो. आणि अख्खा मास्ट सुट्या भागांत एकत्र पाठवला, तर टॅरिफचा अर्थ लावण्याच्या नियम 2(अ) प्रमाणे तो जोडलेल्या मास्टसारखाच धरला जातो, म्हणजे 7308 20. त्या मास्टला लागणारे बोल्ट सोबत गेले तर त्याच्यातच मोजले जातात. तेच बोल्ट नंतर वेगळे पाठवले तर 7318, म्हणजे बोल्टचं स्वतःचं हेडिंग. ही सहा आकडी वाटणी जगभर एकच असते, म्हणून नाशिकमध्ये लिहिलेला आकडा मोम्बासात तपासला जातो.

शिपिंग बिल दुरुस्त करून घेता आलं ते कस्टम्स कायद्याच्या कलम 149 खाली. पण माल निघून गेल्यावर दुरुस्ती हवी असेल, तर माल जाताना अस्तित्वात असलेलाच कागद पुरावा म्हणून चालतो. मागाहून लिहिलेल्या खुलाशाला किंमत नाही. आमच्याकडे तारीख आणि रिव्हिजन नंबर टाकलेली ड्रॉइंग होती, त्यावर प्रत्येक पीस मार्क होता आणि पॅकिंग लिस्टमधल्या बंडलांवर तेच मार्क होते. ही शिस्त बाबांची. साइटवर जोडणाऱ्यांचा गोंधळ होऊ नये म्हणून त्यांनी ती लावली होती, कस्टम्सचा विचार त्यांच्या मनातही नव्हता. त्या ड्रॉइंगने आम्हाला वाचवलं.

तेव्हापासून आमच्याकडे कोड ठरतो तो ड्रॉइंगच्या टेबलावर. ऑर्डर आली की मी तिघांना एकत्र बसवते : ड्राफ्ट्समन, सुपरवायझर आणि डिस्पॅच बघणारा मुलगा. काय बनवतोय, त्यावर कोणतं काम होणार आणि एका खेपेत काय काय जाणार, हे तिथेच लिहून घेतो.

‘एका खेपेत काय’ याचं महत्त्व 2022 च्या उन्हाळ्यात कळलं. 22 मे पासून सरकारने स्टीलच्या बऱ्याच वस्तूंवर 15 टक्के निर्यात शुल्क लावलं. त्यात 7210, म्हणजे रुंद कोटेड पत्रे होते. आमच्याकडे तेव्हा दोन ऑर्डरी होत्या. एक पूर्ण शेडची होती : कॉलम, राफ्टर, पर्लिन, छताचे आणि भिंतींचे रंगीत पत्रे, सगळं एकत्र जाणार, तिकडे जोडलं की इमारत उभी. ती 9406, प्रीफॅब्रिकेटेड इमारत. दुसरी एका जुन्या गोदामाचं छप्पर बदलायची, फक्त पत्रे. पत्रा तोच, कॉइल तीच, रंगही तोच. पण टॅरिफच्या 72 व्या चॅप्टरची टीप सांगते की पत्रा नुसता नालीदार केला, तरी दुसऱ्या वस्तूचं रूप येत नाही तोवर तो सपाट पत्राच. म्हणजे 7210 आणि वर 15 टक्के.

गिऱ्हाइकाचा माणूस फोनवर म्हणाला, “छपरालाच लागणार आहेत ना? मग स्ट्रक्चर लिहा की.” मी नाही म्हटलं. बाबा बाजूला बसले होते, त्यांनी फक्त मान हलवली. ती ऑर्डर गेली. 19 नोव्हेंबरला शुल्क उठलं तोवर त्यांचं छप्पर दुसऱ्या कुणीतरी घातलं होतं. वाईट वाटलं, पण मालाला चुकीचं नाव देऊन पाठवायचं नाही हे आमच्या घरात ठरलेलं आहे.

कामं वाढली तसे प्रश्न वाढले. गोदामात कायमचे जमिनीला बोल्ट करून बसवायचे मोठे रॅक 7308 मध्ये, पण ऑफिसातलं स्टीलचं कपाट फर्निचर, म्हणजे 9403. सोलर पॅनलखालचं स्ट्रक्चर एकटं गेलं तर आमचं 7308, पॅनल 8541 चं. पॅनल सूर्याबरोबर फिरवणारा मोटरचा ट्रॅकर आला की आम्ही थांबतो, आधी विचारतो आणि मगच भाव देतो. धंद्यातल्या मित्रांना मी आवर्जून सांगते की आयात-निर्यातीत खरोखर दुमत असेल तर मुंबईत कस्टम्सचं अ‍ॅडव्हान्स रुलिंग प्राधिकरण आहे, तिथे माल जाण्याआधी विचारता येतं. लहान माणसाला वाटतं हे मोठ्या कंपन्यांसाठी असेल. तसं नाही.

गेल्या महिन्यात युरोपातून जिन्यांच्या आणि रेलिंगच्या कामाची चौकशी आली. तिकडे आयात मालाच्या कार्बनचा हिशेब 1 ऑक्टोबर 2023 पासून मागायला लागले आणि 1 जानेवारी 2026 पासून प्रत्यक्ष आकारणीचा टप्पा सुरू झाला. कोणता माल त्यात येतो हे कोडवरूनच ठरतं आणि 7308 त्या यादीत आहे. म्हणजे आता आमच्या ड्रॉइंगवर पीस मार्कच्या शेजारी तो तुकडा कोणत्या मिलच्या कोणत्या हीट नंबरच्या (भट्टीतल्या एका घाण्याच्या) स्टीलमधून कापला, हेही लिहावं लागणार. ड्राफ्ट्समनने नवा रकाना आखून दाखवला. बाबांनी चष्मा लावून तो पाहिला आणि म्हणाले, रकाना थोडा रुंद कर, पोरं हाताने लिहिणार आहेत.