रिपोर्टवर ४६,३०० आणि ब्लड कॅन्सरची भीती

मी देवगडला एका छोट्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. ब्रेस्ट कॅन्सरच्या बऱ्याच बायका आमच्याकडे येतात, केमो मुंबईला नाहीतर कोल्हापूरला घेतात आणि मधल्या दिवसांतली सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, इथेच करतात, एका सुईसाठी परत घाट कोण चढणार.

गणपतीच्या आदल्या आठवड्यात एक मावशी सुनेला घेऊन आल्या, दोघींचे डोळे रडून सुजलेले. सुनेच्या हातात दुसऱ्या एका लॅबचा आदल्या दिवशीचा रिपोर्ट. पांढऱ्या पेशी ४६,३००, बाजूला वर जाणारा बाण आणि बाकी एक शब्द नाही. वाडीतल्या कुणीतरी तो बघून सांगून टाकलं की एवढ्या पेशी म्हणजे ब्लड कॅन्सरच. मावशी मला एवढंच म्हणाल्या, "छातीतलो काढलो, आता रक्तात गेलो काय गो?"

मी पहिलं विचारलं, केमो कधी झाली आणि नंतर पोटात इंजेक्शन टोचलं का. सून म्हणाली, हो ना, दुसऱ्या दिवशी, महागाचं होतं, बर्फात ठेवून आणलेलं. निम्मं उत्तर तिथेच मिळालं, पण नुसत्या अंदाजावर धीर द्यायचा नसतो, म्हणून नवीन सॅम्पल घेतलं, मशीनवर परत ४४ हजारांच्या घरात, फ्लॅगच फ्लॅग, म्हणजे मशीनच्या 'नीट बघा' अशा खुणा, मग रक्ताची स्लाइड ओढली, लीशमन स्टेनने रंगवली आणि ऑइल लावून मायक्रोस्कोपखाली बघत बसले. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी खच्चून भरलेल्या, त्यांचेच कोवळे बँड फॉर्म भरपूर, त्याहून कोवळे मेटामायलोसाइट, मायलोसाइट थोडे, पेशींच्या आत गडद जांभळे दाणे. मी ब्लास्ट, म्हणजे ब्लड कॅन्सरमध्ये वाढणाऱ्या अगदी कच्च्या पेशी, शोधत होते, एकही नाही. बेसोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी एका प्रकारच्या ब्लड कॅन्सरमध्ये वाढतात, त्यापण वाढलेल्या नव्हत्या. पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी बघितलं आणि म्हणाल्या, जी-सीएसएफचा इफेक्ट, म्हणजे पांढऱ्या पेशी वाढवणाऱ्या त्या इंजेक्शनचा.

मला यातलं सगळ्यात भारी काय वाटतं सांगू? केमोने बोनमॅरोतल्या, म्हणजे हाडांतल्या मगजातल्या, वाढत्या पेशी मरतात, साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात न्यूट्रोफिल तळाला जातात, आणि तेव्हा रक्तातला जी-सीएसएफ हा वाढीचा घटक आपोआप चढतो. कारण त्याला पकडून संपवणारे न्यूट्रोफिलच असतात, ते कमी झाले की तो साठतो, मॅरोला जोर येतो, पेशी वाढल्या की त्याच त्याला परत खाली आणतात. प्लेटलेट आणि त्यांचा वाढीचा घटक थ्रोम्बोपोएटिन यांचंही असंच चालतं. इंजेक्शन म्हणजे हाच जी-सीएसएफ बाहेरून दिलेला. त्याचे दोन प्रकार, साधं फिलग्रास्टिम रोज टोचावं लागतं, पेगफिलग्रास्टिम किडनीतून फारसं निघून जात नाही, न्यूट्रोफिल परत येईपर्यंत अंगात टिकतं, म्हणून एका सायकलला एकच डोस पुरतो.

मावशींना हे सगळं कुठे सांगणार. म्हटलं, गणपतीत चाकरमानी आले की वाडी कशी भरते, तसं झालंय, थोड्या दिवसांनी ओसरेल. आणि विचारलं, कंबर दुखता काय? "दुखता गो, रात्रभर झोप नाय." तेही याच इंजेक्शनमुळे असू शकतं, मॅरो जोरात काम करत असते ना. हे ऐकल्यावर मात्र सून खुर्चीत बसूनच रडायला लागली, सुटल्यासारखी.

तरी आम्ही त्यांना तशाच घरी पाठवलं नाही. डॉक्टरांनी ताप बघितला, पोट तपासलं, प्लीहा वाढलेली नव्हती, केमोवाल्या डॉक्टरांशी फोनवर बोलणं करून दिलं. इंजेक्शनने काउंट वाढलाय म्हणून इन्फेक्शन नाहीच असं होत नाही, त्यामुळे सुनेला बजावलं की ताप १००.४ झाला तर काउंट कितीही असो, लगेच हॉस्पिटल गाठायचं. आठवड्याने परत सीबीसी केली, ११ हजार. पुढची केमो ठरलेल्या तारखेलाच झाली.

पण त्या बिनशब्दाच्या बाणाचा राग काही जात नव्हता, एका बाईने ती रात्र कशी काढली असेल. आता आमच्या फॉर्मवर दोन रकाने वाढवलेत, शेवटची केमो कधी आणि पेशींचं इंजेक्शन कधी, आणि मॅडमनी स्लाइड बघून रिमार्क लिहिल्याशिवाय केमोवाल्या पेशंटचा असा रिपोर्ट काउंटरवर जात नाही.