सुई न टोचता

आज अण्णांना घेऊन सात रस्त्याला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. समोरचा एक दात पडलाय, तिथं इम्प्लांट, म्हणजे हाडात धातूचा स्क्रू रोवून त्यावर नकली दात, बसवायचंय. त्या म्हणाल्या, आधी हिरडी किती जाड आहे ते बघू. अण्णांचा चेहरा पांढराफटक! कुणीतरी सांगून ठेवलेलं, भूल देऊन हाडापर्यंत सुई खुपसतात. (तशीही एक पद्धत आहेच म्हणे.)

बाईंनी फक्त एक बारीक सळई, प्रोब, शेजारच्या दात-हिरडीच्या फटीत अलगद सरकवली. हिरडीतून सळई दिसली तर हिरडी पातळ, साधारण 1 मिलिमीटर किंवा कमी. नाही दिसली तर जाड. झालं! अण्णा उठून बसले, "अगं, आम्ही कापड उजेडाला धरून बघायचो, तसंच की हे!" उभा जन्म मागावर काढलेला माणूस, दुसरं काय सुचणार.

यात आकडा मिळत नाही, अंदाज मिळतो. नेमकं मोजायला अल्ट्रासाऊंड आहे: लहरी हिरडीतून जाऊन हाडावरून परततात, लागलेल्या वेळावरून जाडी कळते. सीबीसीटी स्कॅनमध्येही (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे) दिसते, पण ओठ-गाल बाजूला धरावे लागतात. शिवाय किरणं आलीच. नुसत्या हिरडीसाठी ती कशाला? मला तरी नाही पटत.

अण्णांची हिरडी पातळच निघाली. आतला धातू करडा झळकू शकतो, हिरडी मागे सरकायचा धोकाही जास्त. म्हणून तोंडातल्या टाळूचा थोडा मऊ भाग घेऊन ती जाड करावी लागेल कदाचित.

रिक्षात अण्णा गप्प. घर आल्यावर म्हणाले, "तोवर कडक भाकरी चालेल का, विचारलंस?"

नाही विचारलं.