एकच नाव सांगा, बाई

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. शाळा सोडून मला बारा वर्षं झाली, पण हा प्रश्न काही मला सोडत नाही. लग्नाच्या पंगतीत, दवाखान्यात नंबर लावून बसलेली असताना, रात्री नऊनंतर फोनवर तोच प्रश्न: "बाई, तुम्ही तीस वर्षं इतिहास शिकवलात. जगात सर्वांत मोठं कर्तृत्व कुणाचं? एकच नाव सांगा." मी विषय बदलते. मग तुम्ही आपसात म्हणता की बाई हल्ली कुणाला दुखवायला नको म्हणून गप्प बसतात. परवाच्या मेळाव्यात तर एकाने माइक घेऊन विचारलं, "वर्गात दहा नावं क्रमाने सांगायचात बाई, आता काय झालं?"

सांगायचे, खरं आहे. न्यूटन, गौतम बुद्ध, गुटेनबर्ग, सम्राट अशोक, जेन्नर, पाश्चर... तो पांढरा कार्डशीट तुमच्यातल्या कित्येकांनी पाहिलाय. त्यातल्या एकाही नावाबद्दल माझं मत खाली आलेलं नाही, हे आधी सांगून ठेवते.

जे झालं ते १९८९ च्या फेब्रुवारीतल्या वक्तृत्व स्पर्धेत झालं. विषय मीच काढला होता, 'जगाच्या इतिहासातील सर्वांत थोर कर्तृत्व'. परीक्षक आम्ही तिघं. सिकंदर तीन वेळा झाला, नेपोलियन दोन वेळा. मग नववीतली एक मुलगी उभी राहिली. वेण्यांना लाल रिबिनी, हातात लांबट, पुठ्ठ्याची, कडा तेलकट झालेली वही. नमस्कार करून म्हणाली, "सर्वांत थोर कर्तृत्व म्हणजे देवीचा रोग जगातून गेला, हे." आणि बोलायला लागली.

तिचे आजोबा लस टोचणारे होते. आधी लोकल बोर्डात, मग जिल्हा परिषदेत. सायकलवरून पंचवीस-तीस गावं फिरायचे. आजोबा वाड्यात शिरले की बाया पोरांना कणगीत लपवायच्या. देवीचा कोप होईल ही भीती, शिवाय टोचल्यावर पोर तापानं फणफणायचं. पूर्वी वाटोळ्या पात्याचं हत्यार दंडावर टेकवून फिरवायचे, त्याची जखम मोठी व्हायची. नंतर दोन टोकांची सुई आली. लशीच्या थेंबात बुडवून दंडावर पंधरा वेळा टोचायची, संपलं. आजोबा आधी पडवीत बसून पाणी मागायचे आणि पाणी पिऊन होईपर्यंत सुईचा विषयच काढायचे नाहीत. एवढं सांगून तिनं वही उघडली आणि वाचायला लागली. गाव, वाडी, तारीख, किती दंड. एका ओळीत गाव आणि तारखेपुढे नुसतं 'कणगीत' एवढंच लिहिलेलं होतं. सभागृहात थोडं हसू फुटलं. ती थांबली नाही. सहा मिनिटांची घंटा झाली तेव्हा ती १९६३ पर्यंत आली होती.

मी तिला शंभरपैकी एकतीस गुण दिले. कागद बघून वाचल्याबद्दल कापले, वेळ संपल्याबद्दल कापले. नियम छापील होते, सगळ्यांना सारखे होते, आणि ते कापलेले गुण मला आजही चुकीचे वाटत नाहीत. शेऱ्याच्या रकान्यात मात्र लिहिलं, 'विषयांतर. व्यक्ती निवडलेली नाही.' पहिला नंबर सिकंदरावर बोललेल्या मुलाला दिला. तो खरोखर सुंदर बोलला होता, त्याचं श्रेय मी काढून घेणार नाही.

बक्षीस समारंभ संपल्यावर ती माझ्याजवळ आली. रडत नव्हती. "बाई, मग कुणाचं नाव घ्यायचं होतं?"

"जेन्नरचं घ्यायचं. लस त्यांनी शोधली."

ती जरा वेळ बघत राहिली. म्हणाली, "पण जेन्नर आमच्या गावात आला नव्हता."

मी म्हटलं, "तसं नसतं गं." वही बघायला मागावी, एवढंसुद्धा मला सुचलं नाही. ती निघून गेली. पुढच्या वर्षी दहावीला ती माझ्याच वर्गात होती. चाचणीत मी प्रश्न घातला होता: देवीच्या लशीचा शोध कोणी लावला? तिनं लिहिलं होतं, 'देवीच्या लशीचा शोध एडवर्ड जेन्नर यांनी लावला.' नीट, वळणदार अक्षरात, पुढे पूर्णविराम. मी पूर्ण गुण दिले. स्पर्धेत ती पुन्हा कधी उतरली नाही.

याला आता छत्तीस वर्षं होतील. दरम्यान मी त्या एका रोगाबद्दल जेवढं मिळेल तेवढं वाचलं, मनात हेच की शेवटी आपणच बरोबर निघू. जेन्नरने १४ मे १७९६ रोजी सारा नेल्म्स या गवळणीच्या हातावरच्या गोस्तनाच्या, म्हणजे गायींना होणाऱ्या देवीच्या, फोडातला द्रव आठ वर्षांच्या जेम्स फिप्सच्या दंडात टोचला, हे तुम्हाला मी शिकवलंच आहे. शिकवलं नाही ते असं, की त्याआधी २२ वर्षं, १७७४ मध्ये, बेंजामिन जेस्टी नावाच्या शेतकऱ्याने विणकामाच्या सुईने हेच आपल्या बायकोला आणि दोन मुलांना टोचलं होतं. लोकांनी त्याला शिव्या घातल्या. त्याच्याही आधी, १७२१ मध्ये, लंडनमध्ये लेडी मेरी माँटेग्यू यांनी तुर्कस्तानात पाहिलेली, देवीचाच पू टोचण्याची रीत आपल्या मुलीवर करवून घेतली. त्याच वर्षी बॉस्टनमध्ये ओनेसिमस नावाच्या आफ्रिकेतून आणलेल्या गुलामाने सांगितलेली रीत वापरून लोक वाचवले गेले. आपल्याकडे बंगालात टीकादार पिढ्यान्‌पिढ्या देवीच्याच खपलीने टोचत होते.

आणि लस मुंबईला आली कशी? ती बगदाद-बसरामार्गे आली. १४ जून १८०२ रोजी अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती मुंबईत लागली, आणि तिच्या दंडावरच्या फोडातून पुढच्या मुलांना टोचली गेली. भारतातली लस त्या पोरीच्या अंगातून पसरली. तिला कुठल्या यादीत घालायचं?

तरीही माझ्या आतली परीक्षक गप्प बसत नाही. ती म्हणते, लोकांना रीत माहीत होती, पण ती तपासून, लिहून, छापून जगापुढे कुणी ठेवली? जेन्नरनेच. १७९८ मध्ये स्वतःच्या खर्चाने पुस्तिका काढली. ते नसतं तर त्या आजोबांच्या हातात सुई आली असती का? मला यावर उत्तर सापडत नाही. मग मी तिला विचारते, जेन्नरनंतर पावणेदोनशे वर्षं लस होती ना? तरी विसाव्या शतकात या रोगाने तीसेक कोटी माणसं मेली. देवी झालेल्या दहांतली तीन दगावायची. उरलेल्यांचे चेहरे वणांनी भरायचे, कुणाचा डोळा जायचा. १९५८ मध्ये सोव्हिएत संघाच्या व्हिक्टर झ्दानोव यांनी जागतिक आरोग्य परिषदेत हा रोग जगातून काढून टाकायचा प्रस्ताव मांडला. १९६७ पासून डॉ. हेंडरसन यांच्याकडे मोहिमेची सूत्रं आली. आणि १९७४ मध्येसुद्धा आपल्या देशात एक लाख ऐंशी हजारांवर रुग्ण होते, सर्वांत जास्त बिहारात. आजारी बाळाचा फोटो असलेलं कार्ड हातात धरून माणसं घरोघर विचारत फिरली, "असं कुणी आहे का?" भारतातला शेवटचा रुग्ण मे १९७५ मध्ये आसामात सापडला, जगातला शेवटचा नैसर्गिक रुग्ण ऑक्टोबर १९७७ मध्ये सोमालियात. तो मर्का गावच्या इस्पितळातला स्वयंपाकी होता, अली माओ मालिन. तो वाचला आणि पुढे पोलिओची लस घ्या म्हणून लोकांना सांगत फिरला. ८ मे १९८० रोजी जगाने जाहीर केलं, देवी गेली.

हे वाचल्यावर माझ्यातली परीक्षक म्हणते, मग हेंडरसन. नाहीतर झ्दानोव. नाव हवंच तिला. नावाशिवाय मुलांना इतिहास शिकवता येत नाही, हे तीस वर्षांच्या अनुभवाने मीही म्हणते. बारा वर्षांच्या पोरासमोर "हजारो अनामिक हात" म्हटलं की ते खिडकीबाहेर बघतं. नाव, गाव, तारीख सांगा, मान वर होते. त्या मुलीच्या वहीत नेमकं तेच होतं, गाव, वाडी आणि तारखा. आणि मीच त्याला विषयांतर म्हणाले.

शाळेचं कपाट रिकामं करताना त्या स्पर्धेची फाइल माझ्या हाती लागली. माझ्याच अक्षरातला विषय होता, 'सर्वांत थोर कर्तृत्व'. मी 'व्यक्ती' लिहिलंच नव्हतं. त्या दिवशी बोललेल्यांत विषयाला धरून बोललेली ती एकटी होती. शेरा माझाच, सहीही माझीच. मी खुर्चीत बसून राहिले, शिपाई दोनदा येऊन विचारून गेला.

तिला शोधलं का, हेही तुमच्यातल्या एकीने विचारलंय, तिला हे थोडं माहीत आहे म्हणून. शोधलं. लग्नानंतरचं आडनाव मिळालं, फोन नंबरही मिळाला. दोनदा लावला आणि रिंग व्हायच्या आत ठेवला. काय सांगायचं? एकतीसचे एकसष्ट करते म्हणून?

आता शाळेचं नवं सभागृह होतंय, दहा तसबिरी लावायच्यात आणि समितीला माझ्याकडून नावं हवीत. मी जेन्नर लिहिलं आहे. खोडलेलं नाही. पण फोनवर मी अध्यक्षांना विचारलं की तसबिरीच्या जागी एखाद्या वहीचं पान लावता येईल का. ते म्हणाले, "कुणाची वही, बाई?" आजोबांचं नाव मला माहीत नाही. तिच्याकडे आहे.