त्या दोघांचा समेट का केला नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. भेटेल तो हेच विचारतो.

ज्यांनी माझी ती दिवाळी अंकातली कथा वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एका तारायानावर दोन अधिकारी, कप्तान आणि नेव्हिगेटर. दोघे जिवाभावाचे. कप्तानाच्या मुलखात माणसाची चूक चारचौघांत, तोंडावर सांगतात. मनात ठेवली तर तो दगा. नेव्हिगेटरच्या मुलखात चूक दाराआड सांगतात. चारचौघांत काढली तर त्याला वाळीत टाकल्यासारखं. एका वळणाचं गणित चुकतं, कप्तान अख्ख्या यानाला ऐकू जाईल असं ओरडतो आणि तिथून पुढं नेव्हिगेटर कामापुरतंच बोलतो. संपली कथा.

करवीर नगर वाचन मंदिरात ती वाचली तेव्हा मागच्या रांगेतून आवाज आला, "आवं, शेवटाला तेवढं मिटवायचं हुतं की!"

मिटवणार काय? दोघांत गैरसमज असता तर एका बैठकीत निघाला असता. पण कप्तान का ओरडला हे नेव्हिगेटरला पक्कं ठाऊक आहे आणि तो का गप्प झाला हे कप्तानालाही कळतं. आपापल्या रीतीनं दोघंही नीट वागलेत. मग माफी कुणी आणि कशाची मागायची? कोल्हापुरात बहुतेक जण कप्तानाची बाजू घेतात, साहजिकच आहे. आपल्याकडं दोन शिव्या घातल्याशिवाय दोस्ती मुरत नाही. पुण्याहून आलेली पत्रं नेव्हिगेटरच्या बाजूची. यावर मी काही बोलत नाही.

खऱ्या अंतराळातही भांडणं मोठ्या तत्त्वांवरून होत नाहीत. 2009 मध्ये रशियन कमांडर गेनादी पादाल्का यांनी जाहीर तक्रार केली होती ती अंतराळ स्थानकावरच्या संडासाची आणि व्यायामाच्या सायकलीची. तुमचं तुम्ही वापरा, आमचं आम्ही, असा रशियन आणि अमेरिकन अंतराळवीरांना जमिनीवरच्या साहेबांचा हुकूम. वर राहणारी माणसं एकमेकांना धरून होती, हिशेब मांडणारे खाली बसले होते. आणि संस्कृती वेगळी असली तरच बिनसतं असंही नाही. 1982 मध्ये सॅल्यूत-7 या अंतराळ स्थानकावर राहिलेले बेरेझोव्हॉय आणि लेबेदेव हे दोघंही सोव्हिएत. 211 दिवस एकत्र काढले, पण त्यांच्यात किती अबोला होता ते लेबेदेवच्या डायरीत वाचायला मिळतं.

मला मात्र जास्त उपयोगी पडलं ते 1975 चं अपोलो-सोयुझ, म्हणजे अमेरिकेचं अपोलो आणि सोव्हिएतांचं सोयुझ ही यानं अंतराळात जोडली होती ते. सोयुझमध्ये आपल्यासारखी साधी हवा, जमिनीवर असते तेवढ्या दाबाची. अपोलोत निव्वळ ऑक्सिजन, दाब त्याच्या साधारण एक तृतीयांश. दार उघडून थेट इकडून तिकडं गेलं तर माणसाच्या जिवाशी खेळ. म्हणून मध्ये एक खोली बांधली. तिथं थांबायचं, दाब जुळवून घ्यायचा, मगच पुढचं दार. शिवाय सोयुझनं स्वतःचा दाब दोन तृतीयांशावर आणला, म्हणून ते थांबणं कमी झालं. अपोलोचा कमांडर स्टॅफर्ड आणि सोयुझचा लिओनोव्ह यांची दोस्ती तिथं रुजली ती आयुष्यभर टिकली. 2019 मध्ये लिओनोव्ह गेले तेव्हा स्टॅफर्ड अंत्ययात्रेला जाऊन रशियनमध्ये बोलले. माझ्या यानावर अशी खोली कुणी बांधलेली नाही, एवढंच.

यान काही मी पाहिलेलं नाही. शिरोली एमआयडीसीतली फौंड्री पाहिली आहे, रोजच पाहतो. तिथं भट्टीवरचा सुपरवायझर पन्हाळ्याकडचा आणि लॅबमधला केमिस्ट तमिळनाडूचा. दुपारी एकाच बाकावर जेवायचे. एकाच्या डब्यातला ठेचा दुसऱ्याच्या चिंचेच्या भातावर जायचा. एकदा वितळलेल्या लोखंडाच्या सँपलचा रिपोर्ट लॅबमधून यायला वेळ लागला. लोखंड जास्त वेळ तापत राहिलं की त्यातला कार्बन जळत जातो, त्यामुळं भट्टीवरचा माणूस तेव्हा निखाऱ्यावर उभा असल्यासारखाच असतो. हा वरच्या फलाटावरून सगळ्या पोरांसमोर ओरडला, "झोपला हुतास काय रं?" केमिस्टनं मान खाली घालून आकडे सांगितले. दुसऱ्या दिवसापासून त्याचा डबा लॅबमध्ये. पूर्वी रिपोर्ट घेऊन स्वतः जिना चढायचा, आता घडी घालून हेल्परच्या हातात देतो.

पण त्या सुपरवायझरची हीट, म्हणजे वितळवलेल्या लोखंडाची खेप, असली की केमिस्ट तेच सँपल पुन्हा घासून, पुन्हा मशीनवर लावून बघतो. कुणी सांगितलेलं नसतं. बाकीच्यांच्या हीटला एकदाच. सुपरवायझरलाही हे माहीत आहे. त्याच्या रिपोर्टावर तो डोळे झाकून सिलिकॉन टाकतो, दुसऱ्या कुणाचा असला की फोन करून खात्री करतो. याला तुम्ही दोस्ती तुटली म्हणणार का? मी म्हणत नाही. कथेतला नेव्हिगेटर आपली ड्यूटी संपल्यावर कप्तानाचा मार्ग पुन्हा तपासत बसतो, ते इथूनच आलं. तो परिच्छेद बऱ्याच जणांनी घाईत वाचलेला दिसतो.

दुसरा भाग लिहिताय का, असंही विचारता. लिहितोय. त्यात नेव्हिगेटरची बदली होते. नवा कप्तान त्याच्याच मुलखाचा, प्रत्येक चूक दाराआड, गोड शब्दांत सांगणारा. महिनाभरात नेव्हिगेटर वैतागतो, कारण हा माणूस खरं बोलतोय की मन राखतोय हे त्याला कळेनासं होतं. पुढचं अजून लिहून व्हायचंय.