फ्लॅट 12 टक्के म्हणजे किती ओ?

उद्यमनगरातल्या एका मशिन शॉपमध्ये मी हिशेब बघते. पगाराच्या आठवड्यात माझ्या टेबलापाशी कर्जाच्या चौकश्या फार. परवा सीएनसीवरचा एक ऑपरेटर मोबाईल पुढं करत म्हणाला, "ताई, एक लाख, 12 टक्क्यानं. बँकेत 14 सांगत्यात. घेऊन टाकू काय?"

खाली बारीक अक्षरात 'फ्लॅट' लिहिलं होतं.

फ्लॅटमध्ये व्याज वर्षभर पूर्ण लाखावरच धरतात. 12 हजार मुद्दलात मिळवायचे, बारानं भागायचं, झाला 9,333 चा हप्ता. पण आपण दर महिन्याला मुद्दल फेडतच असतो की! सहा हप्ते गेले की निम्मं मुद्दल परत गेलेलं असतं, तरी व्याज लाखावरच. हेच कर्ज 12 टक्क्यानं घटत्या शिल्लकीवर, म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच व्याज धरून घेतलं, तर हप्ता 8,885 बसतो आणि वर्षाचं व्याज 6,600 च्या घरात. म्हणजे त्याचे स्वस्तातले 12 टक्के बँकेच्या पद्धतीनं मोजले तर साडेएकवीसला जातात. त्यात प्रोसेसिंग फी आधीच कापली, तर हातात लाखही पडत नाहीत.

गावाकडचे 'शेकडा दोन' महिन्याचे असतात, वर्षाचे झाले 24. दोन ऐकायला काहीच वाटत नाही, म्हणून तर तसं बोलतात. लिलावाच्या भिशीत, म्हणजे जास्त रुपये सोडेल त्याला आधी रक्कम मिळते तिथं, लवकर उचलणाऱ्यानं किती रुपये सोडले ते धरलं, की तेही कर्जच निघतं. आमच्या गल्लीत हे बोललेलं चालत नाही.

रिझर्व्ह बँकेनं 1 ऑक्टोबर 2024 पासून बँका आणि फायनान्स कंपन्यांना ऑपरेटरच्या कर्जासारख्या कर्जांसाठी 'की फॅक्ट्स स्टेटमेंट', म्हणजे कर्जाच्या मुख्य माहितीचा कागद, द्यायला लावलंय. त्यात एपीआर असतो, म्हणजे फी धरून वर्षाचा खरा दर. कर्जदाराला समजेल त्या भाषेत ते द्यावं लागतं, तेव्हा खुशाल मराठीत मागा. पतसंस्था रिझर्व्ह बँकेखाली येत नाहीत, तिथं "घटत्या शिल्लकीवर किती?" हे आपणच विचारायचं, आणि उत्तर कागदावर घ्यायचं.

आमच्या ऑपरेटरनं एपीआर विचारला. कर्ज देणाऱ्यांकडच्या पोरानं "पाठवतो सर" म्हणून सांगितलंय, अजून काही आलेलं नाही. तोवर हा दिवाळीच्या बोनसवर जुनी स्प्लेंडर बघतोय. बायकोला मात्र नवीच पाहिजे, म्हणे.