हायड्रॉसनंबी रंग जातोय की

मी कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. धातूंच्या ऑक्साइडचे पातळ थर काचेवर चढवायचे आणि उन्हात त्यांच्याकडून पाण्यातली सेंद्रिय घाण मोडून घ्यायची, हे माझं संशोधनाचं काम. काचपट्टी सुमारे ४५० अंशांपर्यंत तापवायची आणि वरून टायटॅनियमच्या संयुगाचं द्रावण बारीक फवारायचं. तापल्या काचेवर द्रावण मोडतं आणि टायटॅनियम डायऑक्साइडचा थर मागे राहतो. शिवाजी विद्यापीठात ही फवारा पद्धत अनेक वर्षं रुळलेली आहे, त्यामुळं कोल्हापूरच्या पोरांना ती शिकायला लांब जावं लागत नाही. पावडर वापरली तर काम जास्त जोरात होतं, पण नंतर ते बारीक कण पाण्यातून गाळून काढणं फार अवघड. म्हणून पट्टी.

चैत्रातले दिवस होते. जोतिबाच्या यात्रेमुळं महाविद्यालय निम्मं रिकामं होतं. माझ्या एका एम.एस्सी.च्या विद्यार्थिनीनं गच्चीवर मिथिलीन ब्लूचे बीकर मांडले होते. या विषयात हा रंग सगळेच वापरतात. स्वस्त मिळतो, आणि ६६४ नॅनोमीटरवर शोषण मोजलं की किती उरला ते लगेच कळतं. एका बीकरमध्ये रंग आणि पट्टी, दुसऱ्यात नुसता रंग, तिसऱ्यात रंग आणि पट्टी पण वर काळं झाकण. पहिला बीकर बघता बघता पाण्यासारखा झाला. पोरगी खूश होती, मीही होते.

तेवढ्यात तिचे चुलते आले. इचलकरंजीच्या एका प्रोसेसमध्ये, म्हणजे कापड रंगवण्याच्या कारखान्यात, ते रंगाचे मास्तर आहेत. पुतणीनं मागितलं म्हणून ईटीपीत, म्हणजे कारखान्याच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात, जाण्याआधीचं पाणी कॅनमध्ये भरून घेऊन आले होते. पाणी म्हणजे काळसर जांभळा काढाच.

मी त्यांना सांगितलं, की टायटॅनियम डायऑक्साइडवर अतिनील प्रकाश पडला की आतला इलेक्ट्रॉन उडी घेतो आणि त्याच्या जागी पोकळी राहते. ती पोकळी पाण्यापासून हायड्रॉक्सिल रॅडिकल नावाचा अतिशय क्रियाशील तुकडा तयार करते, आणि तो रॅडिकल समोर येईल तो सेंद्रिय रेणू फोडत सुटतो. शेवटपर्यंत फोडत गेला तर कार्बन डायऑक्साइड आणि पाणी एवढंच उरतं. १९७२ साली फुजिशिमा आणि होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी याच ऑक्साइडवर प्रकाश टाकून पाणी फोडून दाखवलं आणि तिथून जगभर या कामाला वेग आला. मास्तरांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग तो निवळलेला बीकर उजेडाकडं धरून बघितला.

"मॅडम, हायड्रॉसनंबी रंग जातोय की. शेड चुकली की आम्ही हायड्रॉस मारतो. कापड पांढरं हुतंय, पाणीबी पांढरं हुतंय. खरं ते पाणी पितंय काय कोण?"

माझ्या मते या विषयातला सगळ्यात मोठा प्रश्न त्या गच्चीवर त्या माणसानं विचारला. हायड्रॉस म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट. कापडाच्या बऱ्याच रंगांच्या रेणूत दोन नायट्रोजन अणूंना जोडणारा अ‍ॅझो बंध असतो, तो ते तोडतं. बंध तुटला की डोळ्यांना दिसणारा रंग संपतो, पण रेणूचे तुकडे अ‍ॅरोमॅटिक अमाइनच्या रूपात पाण्यातच राहतात, आणि त्यातली काही अमाइन कर्करोगाला कारण ठरणारी आहेत. आमचं यंत्र ६६४ नॅनोमीटरवर फक्त रंग बघत होतं. तुकड्यांबद्दल ते काहीच सांगत नव्हतं.

मग मी दुसरा बीकर जवळ घेतला. त्यात पट्टी नव्हती, तरी त्याचाही निळेपणा उतरला होता. कारण मिथिलीन ब्लू स्वतःच सूर्यप्रकाश शोषतो आणि स्वतःच मोडतो. म्हणजे पहिल्या बीकरमधल्या यशात पट्टीचा वाटा किती आणि उन्हाचा किती, हे आधी वेगळं करायला हवं. तिथंच पोरीला म्हटलं, "यापुढं फिनॉलवर काम कर." त्याला रंग नाही. उन्हात तो एकटा फारसा हलत नाही. कमी झाला तर पट्टीमुळंच झाला, एवढं तरी धरून चालता येतं.

दुपारी सीओडी लावला, म्हणजे पाण्यातला सेंद्रिय पदार्थ पुरता जाळायला किती ऑक्सिजन लागेल ते मोजलं. मिथिलीन ब्लूच्या पाण्यात सेंद्रिय पदार्थ मुळातच थोडा, म्हणून तो जाळणारं डायक्रोमेट पातळ घेतलं. १५० अंशांवर २ तास ठेवून टायट्रेशन केलं. रंग जवळपास सगळा गेला होता, पण सीओडी त्या मानानं थोडाच उतरला होता. पोरगी वहीत दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून बराच वेळ त्यांच्याकडं बघत राहिली.

मास्तरांच्या पाण्यातली पट्टी मात्र दिवसभर उन्हात ढिम्म. इथं मास्तरांची माहिती कुठल्याही शोधनिबंधापेक्षा जास्त कामाला आली. गडद शेडला लिटरमागं ६०-७० ग्रॅम मीठ आणि वर सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट, टाकतात, असं त्यांनी सांगितलं. क्लोराइड आणि कार्बोनेट दोन्ही हायड्रॉक्सिल रॅडिकलला वाटेतच गिळतात. पीएच १०च्या वर होता. एवढ्या अल्कलीत टायटॅनियम डायऑक्साइडच्या पृष्ठभागावर ऋण भार येतो, कापसाच्या रिअ‍ॅक्टिव्ह रंगांवरही सल्फोनेटमुळं ऋण भारच असतो, आणि दोघं एकमेकांना जवळ येऊ देत नाहीत. शिवाय पाणी इतकं गडद की अतिनील किरण पट्टीपर्यंत पोचतच नव्हते. मुळात सूर्यप्रकाशात ते पाचेक टक्केच, आणि या ऑक्साइडला ३८७ नॅनोमीटरपेक्षा आखूड लहरीच चालतात.

थोड्या पाण्यात थेंब थेंब सल्फ्यूरिक आम्ल सोडलं तर ते फसफसलं. तो सगळा कार्बोनेट. मग तेच पाणी बऱ्यापैकी पातळ करून पट्टीसकट परत गच्चीवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी ते स्पष्ट फिकं झालेलं दिसलं. पण मास्तरांनी तिथंही अडवलं. टाकीभर पाण्याला एवढं आम्ल आणि एवढं गोडं पाणी आणायचं कुठून?

त्यांचं बरोबरच होतं. पट्टीची जागा ईटीपीच्या शेवटी आहे, तोंडाशी नाही. चुना-तुरटीनं गाळ बसला, जिवाणूंनी पचेल तेवढं पचवलं, पीएच ६.५ ते ८.५च्या नियमात आला, तरी जो फिकट रंग आणि जे हट्टी रेणू उरतात, त्यांच्यासाठी हे काम आहे. मीठ तिथंही असणारच, त्याच्याशी झगडावं लागेल. पंचगंगेच्या काठावर फेस आणि मेलेले मासे बघत मोठी झालेली माझ्यासारखी माणसं या विषयात येतात, तेव्हा डिस्टिल्ड वॉटरमधल्या निळ्या रंगावर थांबून चालणार नाही. मला वाटतं, कुठल्याही ऑक्साइडची चाचणी पहिल्याच आठवड्यात खऱ्या पाण्यात व्हावी, आणि निबंधात रंगाच्या आलेखाशेजारी सीओडीचा आलेख असावाच.

जाताना मास्तरांनी आणखी एक विचारलं, "ही पट्टी टिकंल किती दिस?" झिंक ऑक्साइडची असती तर मी नाहीच म्हटलं असतं. ते आम्लातही विरघळतं आणि तीव्र अल्कलीतही, उन्हात स्वतःच झिजतं, आणि मग जस्त पाण्यात उतरतं. टायटॅनियमचा थर विरघळणार नाही, पण त्यावर क्षारांचं कीट चढणार. ते किती दिवसांत चढतं आणि सौम्य आम्लानं धुतल्यावर पट्टी पूर्वीइतकी चालते का, हे आता पोरीच्या प्रकल्पात आलंय. त्यासाठी मास्तर ईटीपीतून निघालेलं पाणी पाठवतात. कॅन आला की ती आधी पीएच, क्लोराइड आणि सीओडी मोजते, आणि मगच पट्टी बुडवते.