जिनिव्हाची 18 नंबरची ट्रॅम आणि जगबुडीची अफवा

जिनिव्हाच्या कॉर्नव्हाँ स्टेशनाजवळ 18 नंबरची ट्रॅम धरायची आणि शेवटच्या थांब्यापर्यंत बसून राहायचं. वीस-पंचवीस मिनिटांत 'सर्न' ही कणभौतिकीची युरोपीय प्रयोगशाळा येतं. हॉटेलात उतरला असाल तर शहराच्या वाहतुकीचं कार्ड फुकट मिळतं, त्यात हे भाडंही येतं. उतरल्यावर 27 मीटर उंचीचा लाकडी ग्लोब आणि रस्त्यावर आडव्या टाकलेल्या नळ्यांसारखी सायन्स गेटवे या प्रदर्शन केंद्राची इमारत लगेच दिसते. ती रेन्झो पिआनो यांनी आखली आणि ऑक्टोबर 2023 मध्ये खुली झाली. प्रवेशाला पैसे नाहीत. सोमवारी बंद. मोठा गट नसेल तर टूरसाठी त्याच दिवशी काउंटरवर नाव घालावं लागतं आणि जागा भराभर संपतात, तेव्हा सकाळी दार उघडतानाच पोचा. संस्थेचं आवार स्वित्झर्लंड आणि फ्रान्स दोन्हीकडे पसरलेलं आहे. पासपोर्ट जवळ असू द्या.

प्रोटॉन कणांची समोरासमोर टक्कर घडवणारं 'लार्ज हॅड्रॉन कोलायडर' हे मशीन जमिनीखालच्या बोगद्यात आहे. नेहमीच्या टूरमध्ये तो बोगदा दिसत नाही. मशीन चालू असताना खाली कुणालाच सोडत नाहीत, शास्त्रज्ञांनाही नाही. पण कापून मांडलेला निळा चुंबक पाहायला मिळतो आणि तो मन लावून पाहण्यासारखा आहे. असे 1,232 चुंबक 27 किलोमीटरच्या वर्तुळात बसवले आहेत. प्रत्येक 15 मीटर लांब, वजन सुमारे 35 टन. मधोमध दोन बारीक नळ्या, जेमतेम 56 मिलिमीटरच्या, एकमेकींपासून 194 मिलिमीटरवर. एकीतून प्रोटॉन एका दिशेने, दुसरीतून उलट दिशेने. नळ्यांभोवती नायोबियम-टायटॅनियमच्या तारांची वेटोळी, त्याभोवती लोखंड, आणि हे सगळं 1.9 केल्विनला, म्हणजे उणे 271 अंशांच्या हेलियममध्ये बुडालेलं.

इथे खरा धोका कुठे आहे, हे या चुंबकांकडे पाहून कळतं. 10 सप्टेंबर 2008 ला पहिली बीम, म्हणजे प्रोटॉनांचा झोत, फिरली, आणि नऊच दिवसांनी दोन चुंबकांमधला विजेचा एक सांधा वितळला. सांध्याचा रोध एका नॅनो-ओहमच्याही खाली असायला हवा होता. तो 200 नॅनो-ओहमच्या आसपास होता. प्रवाह 8,700 अँपिअरवर गेला तेव्हा ठिणगीचा झोत उठला, हेलियमच्या आवरणाला भोक पडलं आणि एकूण सुमारे 6 टन हेलियम सुटलं. दाब सोडणाऱ्या झडपा एवढ्या लोंढ्यासाठी पुरेशा मोठ्या नव्हत्या. दाबाच्या धक्क्याने काही चुंबक जागेवरून सरकले, काही ठिकाणी चुंबकांना आधार देणाऱ्या जॅकचे बोल्ट काँक्रीटमधून उपटले गेले. 53 चुंबक बाहेर काढावे लागले आणि यंत्र पुन्हा सुरू व्हायला नोव्हेंबर 2009 उजाडला. बोगद्यात कुणी नव्हतं म्हणून इजा झाली नाही. हेलियम प्राणवायूला बाजूला सारतं; म्हणून बंद काळात खाली काम करणाऱ्यांनाही प्राणवायूचा मास्क सोबत ठेवावा लागतो.

त्याच दिवसांत बाहेरचं जग मात्र या टकरींतून कृष्णविवर तयार होऊन पृथ्वी गिळेल, म्हणून घाबरलं होतं. हवाईच्या न्यायालयात प्रयोग थांबवण्यासाठी खटला चालू होता. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने तशीच मागणी ऑगस्टमध्ये नाकारली होती. आपल्याकडे वाहिन्यांनी दिवसरात्र 'उद्या जग संपणार का' चालवलं. मध्य प्रदेशात 16 वर्षांच्या एका मुलीने त्या धास्तीत जीव दिला. ही बातमी आठवली की वाहिन्यांचा आजही संताप येतो. त्याच राज्यातल्या इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राच्या पुढाकाराने हे चुंबक ज्यांवर उभे आहेत ते जॅक तयार झाले होते. एका चुंबकाखाली तीन, भारताकडून एकूण 7,080. त्या मुलीच्या घरापर्यंत ही माहिती कुणीच पोचवली नाही.

प्रश्न मात्र रास्त होता, आणि त्याचं उत्तर नीट द्यायला हवं. वैश्विक किरण, म्हणजे अंतराळातून येणारे वेगवान कण, वातावरणावर आदळतात. 10¹⁷ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा प्रोटॉन हवेतल्या स्थिर प्रोटॉनवर आदळला, की इथल्या 13.6 टेरा-इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या टकरीइतकीच टक्कर होते. अशा टकरी अब्जावधी वर्षं चालू आहेत आणि पृथ्वी शाबूत आहे. यावर जाणकार एक शंका काढतात, आणि ती चांगली आहे: वैश्विक किरणांतून काही निर्माण झालं तर ते प्रचंड वेगात पृथ्वीच्या आरपार निघून जाईल, इथे समोरासमोर टक्कर होते, त्यामुळे ते मंद पडून पृथ्वीतच अडकेल, मग? गिडिंग्ज आणि मांगानो यांनी 2008 मध्ये याच मुद्द्यावर गणित मांडलं. श्वेत बटू आणि न्यूट्रॉन तारे हे विझलेल्या ताऱ्यांचे अवशेष इतके घन असतात की वेगवान कणसुद्धा त्यांच्यात थांबतो. स्थिर राहणारी, गिळत सुटणारी कृष्णविवरं खरंच तयार होत असती, तर असे जुने तारे कधीच संपले असते. ते तर आकाशात आहेत. मला हा सगळ्यात भक्कम युक्तिवाद वाटतो, कारण तो हॉकिंग किरणोत्सर्गावर, म्हणजे छोटी कृष्णविवरं आपोआप विरून जातात या कल्पनेवर, अवलंबून नाही.

एका टकरीची ऊर्जा म्हणजे उडत्या चिलटांच्या टकरीएवढी. पूर्ण बीमची गोष्ट वेगळी: मूळ आराखड्याप्रमाणे एका बीममध्ये 362 मेगाज्यूल, अर्धा टन तांबं वितळवायला पुरेल इतकी. बिघाड दिसला की बीम दोन-तीन फेऱ्यांत बाहेर काढतात. एक फेरी 89 मायक्रोसेकंदांची. बाहेर काढलेली बीम सुमारे 8 मीटर लांबीच्या ग्राफाइटच्या ठोकळ्यात सोडतात, तीही एका जागी नाही, वळसे घेत पसरवून. एकाच जागी सोडली तर ग्राफाइटला भोक पडेल. टूरमध्ये प्रश्न विचारायचा असेल तर हा विचारा. गाइड खुलून बोलतात.

वैश्विक किरण घरी दाखवायचे असतील तर पारदर्शक प्लॅस्टिकचा डबा घ्या. तळाच्या आतल्या बाजूला फेल्ट चिकटवा आणि ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने चांगलं भिजवा. डबा काळ्या धातूच्या पत्र्यावर पालथा ठेवा, पत्र्याखाली उणे 78 अंशांचा सुका बर्फ. कडा मातीने किंवा टेपने घट्ट बंद करा. खोलीत अंधार करा आणि टॉर्च बाजूने, पत्र्यालगत धरा. वरून धरलात तर काहीच दिसत नाही. दहा मिनिटांत पत्र्यालगत धुकं जमतं आणि त्यात पांढऱ्या रेघा उमटू लागतात. लांब, सरळ, बारीक रेघ बहुतेक वैश्विक किरणांतून जन्मलेल्या म्युऑन कणाची. आखूड आणि जाड असेल तर आसपासच्या नैसर्गिक किरणोत्सर्गातून आलेल्या अल्फा कणाची. रेघा येत नसतील तर आधी कडांतून हवा शिरते का पाहा, मग अल्कोहोल वाढवा. सुका बर्फ हाताळताना जाड हातमोजे हवेत, खिडकी उघडी हवी आणि अल्कोहोलजवळ ज्योत नको.